सावली कुठे जाते?

महाविद्यालयात विज्ञानप्रसाराचा विषय निघाला, की मराठीच्या अध्यापकांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवायची, अशी एक अलिखित रीत आहे. आम्हीही ती अनेक वर्षे निष्ठेने पाळली. करोनानंतरच्या एका मे महिन्यात मात्र विज्ञानशाखेतील सहकाऱ्यांनी आमच्यावर एक काम सोपवले. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्यांजवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘शून्य सावली’ दाखवायची होती. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी तिथे काय बोलावे, ते आम्ही लिहून द्यायचे होते.

विषय सुरेख होता. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते. म्हणून आपल्या राज्यात सर्वत्र वर्षातून दोनदा माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो : आधी लातूर, मग नांदेड, मग माहूर. माहूरची पाळी २० मेच्या आसपास येते. वेळ मात्र बाराची नव्हे, सव्वाबाराच्या सुमाराची. कारण आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आणि माहूर त्याच्या बरेच पश्चिमेला. दुसरा दिवस जुलैत येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा झाकलेले असते.

आम्ही लिहिले : ‘सूर्याची क्रांती स्थळाच्या अक्षांशाइतकी झाली असता तो खस्वस्तिकी येतो.’ वाक्य निर्दोष होते. आम्हाला त्याचा किंचित अभिमानही वाटला.

त्या दुपारी बी.ए.च्या आमच्या एका विद्यार्थिनीने हे वाक्य तांबूल कुटत बसलेल्या एका आजींसमोर म्हटले. आजींनी खलबत्ता थांबवला. म्हणाल्या, “माय, हे पुस्तकातलं झालं. सावली कुठं जाती, ते सांग.” मुलगी गप्प झाली. तिने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही हातातल्या कागदाकडे. तिथेही उत्तर नव्हते.

मग तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि आजींनाच विचारले, “आजी, तुमच्या या कापडाची सावली वर्षभर इथंच पडते का?” आजी हसल्या. “इथंच कशी पडंल? दिवाळीत दुपारची सावली त्या अंगाला लांब जाती. उन्हाळ्यात आखडत येती. कापड मी तसंच सरकवते.” मुलगी म्हणाली, “आज ती पार आखडून पायाखाली जाणार. आणि मिरगाच्या सुमारास थोडी दुसऱ्या अंगाला निघणार.” आजींनी बत्ता दगडावर उभा धरला. काही मिनिटांत त्याची सावली त्याच्या बुडाशी विरली. भोवती जमलेल्यांपैकी कोणी तरी स्वतःच्या पायांकडे पाहू लागले.

परतताना आम्ही फारसे बोललो नाही. सूर्याचे दक्षिणायन-उत्तरायण त्या बाईंनी वर्षानुवर्षे एका कापडाच्या तुकड्यावर मोजले होते, आणि त्यांना ज्ञान द्यायला निघालेले आमचे वाक्य ते ज्ञान ओळखूही शकले नव्हते.

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकवली जात. देशी भाषेतून उच्चशिक्षण हा मोठाच प्रयोग होता. तरी इथल्या बहुसंख्य मराठी घरांची ती भाषा नव्हती. आज नांदेडचे विद्यापीठ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने १९९४ पासून उभे आहे, आणि आम्ही मराठीतूनच लिहितो. तरीही आमच्या मराठीतून आजी वगळल्या गेल्या होत्या.

जयंत नारळीकर (निधन : २० मे २०२५) खगोलशास्त्रातून मराठी कथेपर्यंत चालत आले, २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्षपद दिले. साहित्याच्या बाजूने त्या वाटेवर आम्ही किती पावले टाकली, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो.

पुढच्या वर्षी आम्ही संहिता लिहून दिली नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले, की पहिले वाक्य प्रश्नाचे असू द्या : तुमची सावली केव्हा, कोणत्या अंगाला पडते? ‘खस्वस्तिक’ हा शब्द आम्ही टाकून दिलेला नाही. तो सावली विरल्यानंतर, सगळ्यांत शेवटी येतो. त्या मुलीने तो आजींना शिकवला. आजींना तो आवडला, पण त्या त्याला अजून ‘डोईवरचं’ म्हणतात. आम्ही ते वहीत टिपून ठेवले आहे.