आत्याबाईंची अंगठी

आमच्या देवघराच्या फडताळांत चांदीची एक अंगठी चाळीस वर्षें कागदाच्या पुडींत पडून होती. तिच्यांतील खडा मळकट हिरवा, शेवाळलेल्या पाण्यासारखा. आमच्या आत्याबाईंच्या सासऱ्यांनीं तो सिंहलद्वीपाहून आणिला होता, आणि तो अस्सल झिरकॉन आहे असें त्या अभिमानानें सांगत. झिरकॉनलाही गोमेद म्हणण्याची चाल आपल्याकडे आहे. परंतु पेढीवर गोमेद म्हणून जो मिळतो तो बहुधा हेसोनाइट, म्हणजे अगदीं निराळ्या कुळांतला. नांवांचा हा घोळ आम्हां पंतोजींना नेहमींच खटकतो.

एका लग्नघरीं आम्हीं शहाणपण केलें. एका जवाहिऱ्याकडून खडा तपासून आणिला होता. त्यानें तो पाण्यांत तोलला, भिंगांतून न्याहाळिला व सांगितलें कीं, ही शिशाची कांच आहे. त्याचीं कारणें बिनतोड वाटलीं. चांगला झिरकॉन पाण्याच्या जवळजवळ पावणेपांच पट जड असतो, हा जेमतेम चौपट. झिरकॉनमधून पाहिलें असतां मागल्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, ह्यांतून एकेरी. आम्हीं हें सारें भरपंक्तींत ऐकविलें. आत्याबाईंनीं निमूटपणें अंगठी काढिली, आमच्या पानाशेजारीं ठेविली आणि म्हणाल्या, "असूं दे रे तुझ्यापाशींच. तूं शिकलेला." पुढें त्यांच्या बोटांत अंगठी म्हणून आम्हीं कधीं पाहिली नाहीं.

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या घरीं आला. तो खनिजांचा अभ्यासक. पुडी घेऊन गेला आणि महिन्याभरानें एक आलेख घेऊन परतला. १९२८ सालीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं जो शोध लाविला, त्यावर ही परीक्षा उभी आहे. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकिला कीं त्यांतला अत्यल्प अंश रंग किंचित् बदलून परततो. तो किती बदलला यावरून आंतील अणूंचीं कंपनें कळतात. निर्दोष झिरकॉनच्या आलेखांत १००८ या आंकड्याजवळ सुईसारखें शिखर उभें राहतें. आमच्या खड्याचेंही शिखर होतें, पण बसकें, पसरट आणि थोडें अलीकडे सरकलेलें.

"काका, ही कांच नव्हे," तो म्हणाला. "झिरकॉनच आहे, पण आंतून मोडलेला."

झिरकॉन घडतांना त्यांत युरेनियम व थोरियम यांचे थोडे अणू शिरून बसतात. त्यांतला एखादा फुटला कीं एक आल्फा कण बाहेर उडतो, आणि तोफ उडाल्यावर तिचा गाडा मागें सरावा तसें उरलेलें अणुकेंद्र उलट दिशेस फेंकलें जाऊन हजाराहून अधिक अणूंना जागेवरून हुसकावितें. सिंहलद्वीपाचे झिरकॉन सुमारें ५५ कोटी वर्षांचे. इतका काळ हे धक्के बसत राहिले म्हणजे स्फटिकाची रचना विस्कटते, तो फुगून हलका होतो आणि कडा दुहेरी दाखविण्याचा त्याचा गुणही जातो. जवाहिऱ्यानें तोललें तें बरोबरच होतें. निष्कर्ष तेवढा चुकला. शिखर जितकें रुंद तितकी मोडतोड अधिक, हें मोजतां येतें. मात्र खडा कधीं काळीं भूगर्भांत तापला असेल तर जखम कांहींशी भरून येते व आलेख कमी इजा दाखवितो. म्हणून ह्या शास्त्रांतले लोक तापाचाही इतिहास विचारांत घेतात.

सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न, हें बोटांत घातलें तर अपाय नाहीं ना? पुतण्यानें तेंही मोजून पाहिलें होतें. किरणोत्सर्ग अत्यल्प निघाला. भट्टींत तापविल्यास खडा बराचसा सुधारेल, पण तडकेलही, असें तो म्हणाला. आम्हीं नको म्हटलें.

आत्याबाईंना जाऊन अकरा वर्षें झालीं. त्यांची नात कोल्हापुरास असते. पुतण्या म्हणाला, पोस्टानें पाठवूं. आम्हीं एकादशीनंतरचें गाडीचें तिकीट काढिलें आहे. आलेखाचा कागदही बरोबर नेणार आहों.