मीरा नावाची मोटार

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी. दाराला कुलूप लागतं, शाळेतली पोरं आजीच्या हवाली होतात आणि ट्रकच्या हौद्यात कोयते, पालाचे बांबू, पिठाचे डबे, शेळ्या-करडं आणि माणसं एकाच दाटीत बसतात. मुकादमाकडून घेतलेली उचल कधीच खर्चून गेलेली असते. आता ती ऊस तोडून फेडायला निघायचं असतं. ट्रक रात्रभर चालतो. उजाडताना पंचगंगेच्या काठचा ऊस दिसायला लागतो. शिरोळ, हुपरी, इचलकरंजी. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना ही नावं आपल्या तालुक्यातल्या गावांइतकीच पाठ आहेत.

त्याच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसाने सामान्य घराला परवडेल अशी एक मोटार स्वतः घडवली होती. तिचं नाव मीरा. जगात कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबलेल्या मोटारी पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चित्रांवर माझा फार जीव आहे. पण मीरेइतकी जवळची मला त्यांतली एकही वाटत नाही.

शंकररावांनी १९४५ च्या सुमारास या कामाला हात घातला आणि १९४९ मध्ये त्यांची पहिली छोटी गाडी तयार झाली. १९४९ हे साल मराठवाड्यातल्या माणसाने जरा थांबून पाहावं असं आहे. आमचा बीड जिल्हा निजामाच्या राजवटीतून सुटून जेमतेम काही महिने झाले होते. कोल्हापूर संस्थान त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं. देश अजून प्रजासत्ताक व्हायचा होता. अशा वेळी मागांच्या खडखडाटात वाढलेल्या एका गावात, अभियांत्रिकीची पदवी नसलेला एक माणूस मोटारीचं इंजिन कुठे बसवावं याचा विचार करत होता. त्याने ते मागे बसवलं. पुढून मागे लांबलचक दांडा न्यावा लागत नाही, वजन वाचतं, आत बसायला जागा मिळते. फोक्सवॅगनच्या बीटलपासून आपल्या नॅनोपर्यंत छोट्या गाड्यांचे कितीतरी कर्ते याच ठिकाणी येऊन पोचले आहेत.

पुढची पंचवीसेक वर्षं ते मीरा पुन्हा पुन्हा घडवत राहिले. दोघांपुरती असलेली गाडी वाढत कुटुंबापुरती झाली. खाली धक्के झेलायला पोलादी पाट्यांच्या जागी रबराचं निलंबन, म्हणजे सस्पेन्शन, आलं. लिटरमागे वीसेक किलोमीटर धावेल आणि किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास राहील, असा त्यांचा हिशेब होता. पंचवीस वर्षं एकच वस्तू सुधारत राहणं हे मला तिच्या शोधापेक्षाही मोठं वाटतं. शोधाचा कैफ असतो. सुधारणेला रोजची चिकाटी लागते.

परदेशातल्या न आलेल्या मोटारींची गोष्ट निराळी आहे. १९३८ मध्ये जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी ब्यूक वाय-जॉब नावाची गाडी बनवली. तिचे दिवे पापणीआड लपत, काचा बटणावर खालीवर होत. ती विकायची नव्हतीच. लोकांच्या डोळ्यांना उद्याची सवय लावायची होती आणि अर्लसाहेब स्वतः ती वर्षानुवर्षं चालवत राहिले. १९५३ च्या फायरबर्डमध्ये त्याच कंपनीने विमानासारखं गॅस टर्बाइन बसवलं. १९७० मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात बेर्तोने यांच्या कार्यशाळेने लान्चिया स्ट्रॅटोस झीरो मांडली, मार्चेल्लो गांदिनी यांनी आखलेली. उंची अवघी ८४ सेंटीमीटर. आत शिरायचं तर समोरची काचच उचलावी लागे. आमच्याकडच्या उभ्या ज्वारीत ही गाडी नेली असती तर टपासकट दिसेनाशी झाली असती. काय देखणी वस्तू आहे ती! तिची छायाचित्रं मी कितीही वेळ पाहू शकतो.

पण तिच्या न येण्याचं मला दुःख होत नाही. श्रीमंत कंपनीने ऐटीत पाहिलेलं ते स्वप्न होतं, पाहून झालं आणि मागे ठेवलं. डायमॅक्सियनसाठी मात्र जीव थोडा हळहळतो. बकमिन्स्टर फुलर यांची १९३३ ची ही तीनचाकी गाडी अकरा माणसं नेईल अशी होती. कमी इंधनात जास्त माणसं, हा त्यामागचा विचार. तिला वळवणारं चाक मागे होतं, त्यामुळे ती वेगात आणि वाऱ्यात आवरायला अवघड जाई. त्याच वर्षी शिकागोत अपघात झाला, चालक दगावला आणि तीन नमुन्यांवर काम संपलं. बीड-गेवराई किंवा केज-अंबाजोगाई रस्त्यावर काळीपिवळी जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं पाहिली की मला फुलर आठवतात. अकरा माणसांची गाडी ही आमची गरज होती. आम्ही ती जीपच्या मागच्या पायरीवर उभं राहून, जीव धोक्यात घालून भागवली.

मीरा तर याहूनही सरळ हेतूने जन्मली होती. तिला प्रदर्शनात मिरवायचं नव्हतं. तिला विकलं जायचं होतं, वापरलं जायचं होतं, चिखलाने माखायचं होतं.

मग ती आली का नाही?

एक नमुना गाडी बनवायला कारागीर लागतो. पत्रा हातोडीने ठोकून वळवता येतो, भाग लेथवर एकेक करून काढता येतात, दोष दिसला की पुन्हा भट्टीकडे जाता येतं. इचलकरंजीला कोल्हापूरच्या ओतशाळा जवळ होत्या. लोखंडाशी बोलणारी माणसं त्या मुलखात घरोघर होती. पण दुसरी, शंभरावी आणि दहा हजारावी गाडी पहिलीसारखीच निघायला हवी असेल, तर प्रचंड प्रेस लागतात, त्यांत बसवायचे पोलादी साचे लागतात, आणि गाडी विकण्याच्या कितीतरी आधी त्यांचे पैसे मोजावे लागतात. बुद्धी, हात आणि चिकाटी यांच्या बळावर माणूस पहिल्या गाडीपर्यंत पोचतो. पुढे भांडवल लागतं. आणि त्या काळात भांडवलाच्याही आधी परवाना लागत असे.

१९५१ च्या उद्योग कायद्याने कोणी काय आणि किती बनवायचं हे दिल्लीत ठरू लागलं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. उरल्या कलकत्त्याकडची हिंदुस्तान मोटर्स, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्वस्त छोट्या गाडीसाठी लक्ष्मीकांत झा यांच्या समितीने १९६० च्या सुमारास विचार केला; त्यानंतर अहवाल, चर्चा आणि पुन्हा अहवाल. केरळात के. ए. बालकृष्ण मेनन यांनी याच काळात ‘अरविंद’ नावाची गाडी उभी केली. तीही तिथेच थांबली. १९७० मध्ये छोट्या गाडीचं इरादापत्र निघालं ते संजय गांधी यांच्या मारुतीला. त्या कंपनीकडून लोकांच्या दारात गाडी आली नाही आणि १९७८ मध्ये ती मोडीत निघाली. शेवटी सरकारने नवी मारुती काढली, जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली. मीरेची वाट तोवर पुरती बंद झाली होती.

सुझुकीचं तंत्र चांगलं होतं, याबद्दल वाद नाही. मारुतीने देशाला चाकं दिली. माझं म्हणणं एवढंच की, ज्या देशाला छोटी गाडी हवी होती त्याने आपल्याच एका गावात पंचवीस वर्षं घडत असलेल्या गाडीला साध्या कसोटीची संधी द्यायला हवी होती. दोष काढायचे, ती दुरुस्त करून आणायला सांगायचं, शेपाचशे गाड्यांचा एक घाणा काढू द्यायचा. शंकररावांनी तेही केलं असतं. त्यांचं सारं आयुष्यच दुरुस्तीत गेलं होतं.

बारा हजारांची मोटार आमच्या ऊसतोड कामगाराने घेतली असती असं मी म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमची माणसं खडी फोडत होती. पण तालुक्याच्या डॉक्टरने ती घेतली असती. शिक्षक नवरा-बायकोने कर्ज काढून घेतली असती. दहा वर्षांनी तीच गाडी जुन्या बाजारातून एखाद्या शेतकऱ्याकडे आली असती, आणि अडलेली बाळंतीण बैलगाडीऐवजी तिच्यातून अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचली असती. गावातल्या मिस्त्रीला तिचं इंजिन उघडता आलं असतं, कारण ती मिस्त्रीच्याच हातची होती. आमच्या जिल्ह्यात अंतर हे फार महाग असतं. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर एसटी, काळीपिवळी आणि ट्रकचा हौदा. एखादी मोटार कारखान्यातून बाहेर आली नाही याचा अर्थ दिल्लीत एक फाईल मिटली, इथे कितीजणांची पायपीट लांबली.

महाराष्ट्रातून पुढे मोठी चित्रंही निघाली. टाटांनी २००८ च्या जानेवारीत नॅनो दाखवली. ती रस्त्यावर आली, दहा वर्षं टिकली आणि थांबली. २०१७ मध्ये त्यांनीच जिनेव्हाला रेसमो नावाची देखणी छोटी स्पोर्ट्स कार मांडली, तिचं उत्पादन झालं नाही. त्यांच्या मागे कंपनी होती, अभियंत्यांची फौज होती, जगभरच्या मासिकांत चित्रं छापून आली. मीरेच्या मागे एकच माणूस होता. म्हणून तिची आठवण राखण्याचं काम आपल्या सगळ्यांकडे येतं.

बीडच्या, अंबाजोगाईच्या, कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती आहे. मोटारीचा पाठ सुरू कराल तेव्हा फोर्ड आणि बेन्झ यांच्या शेजारी शंकरराव कुलकर्णी हे नाव फळ्यावर लिहा. इंजिन मागे का, रबराचं निलंबन का, बारा हजारांत गाडी बसवायची तर काय सोडावं लागतं, हे प्रश्न मुलांना सोडवायला द्या. आणि त्या वर्गात ऊसतोडीहून परतलेल्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला सांगा की तुझे आईवडील दरवर्षी जिकडे जातात, त्याच मुलखात ही मोटार घडली.