ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा

तुम्ही म्हणाल, स्वयंपाक-शिवण सोडून ही बाई उसाच्या ट्रॉलीचं वायरिंग काय सांगत बसली! पण मैत्रिणींनो, आमच्या सांगली-कोल्हापूरकडे दिवाळीनंतर गळीत हंगाम ऐन भरात असतो. तेव्हा तुमचे यजमान, दीर, मुलगे रात्री-अपरात्री मोटारसायकलवरून घरी येतात ना? पुढे ऊस भरलेली ट्रॉली असेल आणि तिचा मागचा दिवा बंद असेल, तर ती दिसते तेव्हा ब्रेक दाबायलाही जागा उरलेली नसते.

आमच्या घरी ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. दर वर्षी वायरिंगवाला यायचा, तुटलं असेल तिथं वायर पिळून काळी टेप गुंडाळायचा. पंधरा दिवसांत दिवा पुन्हा बंद. "फडातल्या रस्त्याला काय टिकतंय?" असं आमच्या ह्यांचं ठरलेलं उत्तर. मग आमच्या गल्लीतला एक विशीतला मुलगा कुणाच्या तरी बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळला. जीव वाचला, पण उजवा पाय अजून नीट टेकत नाही. त्याच्या आईला भेटून आले आणि ह्यांना म्हटलं, "आता टेप पुरे. अख्खी वायर नवी घाला. पैसे माझ्या भिशीतले घ्या."

काम अंगणातच झालं, म्हणून सगळं बघायला मिळालं. जुनी वायर सोलली तर आतलं तांबं हिरवंगार! पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच. पावसाळाभर ट्रॉली उघड्यावर. टेपखाली पाणी शिरतं नि तार आतून खराब होत जाते. अशा तारेला जोड देणं म्हणजे विरलेल्या लुगड्याला नवं ठिगळ. ठिगळ राहतं, शेजारी फाटतं.

खरी गोम मात्र 'अर्थ'ची. दिव्याला वीज वायरीतून येते, पण परत जाते ती बहुतेकदा ट्रॉलीच्या लोखंडातून आणि कडीतून. तिथं गंज, रंग, ग्रीस आलं की वाट अडते. खूण सोपी आहे. इंडिकेटर लावला की लाल दिवाही त्याच्याबरोबर मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबल्यावर दिवे उजळायच्या ऐवजी मंदावतात. लोक अशा वेळी बल्ब बदलत बसतात! आम्ही अर्थची वेगळी वायर थेट सॉकेटपर्यंत नेली. सगळ्या वायरी पाइपमधून घेतल्या, लोखंडाच्या भोकात रबर बसवलं आणि कडीपाशी वायर थोडी सैल ठेवली. इस्त्रीची वायर नेहमी मानेपाशीच तुटते, तसं ट्रॉलीचं वळणावर होतं.

ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची, घरातल्या 230 व्होल्टसारखा हिचा झटका बसत नाही. पण उघडी तार लोखंडाला टेकली तर ठिणगी उडते आणि भोवती वाळलेलं पाचट असतं. म्हणून फ्यूज हवाच. त्याच्या जागी नुसती तार गुंडाळू देऊ नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, 1989 पासून, मागचे लाल दिवे आणि लाल रिफ्लेक्टर सांगितलेले आहेत. पण रिफ्लेक्टर मागून उजेड पडला तरच चमकतो, चिखल बसला की तेवढंही नाही. आणि दिवा चालू असूनही लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकला तर काय उपयोग? हा दिवा चालवणाऱ्याला स्वतःला कधी दिसतच नाही, म्हणून त्याची हयगय होते, असं माझं मत.

आता ट्रॉली निघायच्या आधी मी मागे उभी राहते. "डावा! उजवा! ब्रेक!" असा पुकारा होतो. पहिले काही दिवस ड्रायव्हर हसायचा. आता तोच हाक मारतो, "वहिनी, जरा मागं या." दुसऱ्या ट्रॉलीची वायर अजून जुनीच आहे, ती अंधार पडल्यावर रस्त्यावर काढायची नाही, असं घरात ठरलंय. पुढची भिशी लागली की तिचा नंबर.