कायमचा पत्ता

दिल्लीत मंडी हाऊसच्या गोल चौकातून इंडिया गेटकडे निघालात, की एक सावलीचा रस्ता लागतो. कोपर्निकस मार्ग. रमतगमत चाललात तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतो. मेट्रोच्या मंडी हाऊस स्टेशनवर उतरलात की आलातच. या रस्त्यावर दूरदर्शनची इमारत आहे, नाटक-नृत्याच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेलं कमानी सभागृह आहे आणि आपल्या मराठी माणसांचं जुनं महाराष्ट्र सदनही आहे. 2013 मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवं, मोठं सदन उभं राहिलं. पण दिल्लीतल्या जुन्या मराठी मंडळींच्या तोंडी अजून ‘कोपर्निकसवरचं सदन’च आहे.

इंग्रजांच्या काळात हा लिटन रोड होता. आता तो पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. पृथ्वी एका जागी थांबलेली नसून सूर्याभोवती फिरते, हे सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक 1543 मध्ये छापलं गेलं. फिरत राहणाऱ्या माणसांना या रस्त्याचं नाव आवडावं असंच आहे.

आम्ही त्याच जातकुळीतले. हे रेल्वेत. तेहतीस वर्षांत नऊ बदल्या आणि नऊ क्वार्टर. शेवटची काही वर्षं ह्यांचं ऑफिस बडोदा हाऊसमध्ये होतं, या रस्त्याच्या इंडिया गेटकडच्या टोकाजवळ. ही वास्तू ल्यूटन्सने बडोद्याच्या गायकवाडांसाठी आखली होती. महाराज दिल्लीला आले की उतरण्यापुरतं घर! आज तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. जवळच पतियाळाच्या महाराजांचं पतियाळा हाऊस. तिथे आता न्यायालय भरतं. मंडीच्या राजाचा वाडा तर गेलाच, चौकाला नाव तेवढं उरलं. संध्याकाळी ह्यांची वाट बघत मी या रस्त्यावर फेऱ्या मारायचे, तेव्हा वाटायचं, ज्यांच्याकडे राजवाडे होते त्यांचीही इथली घरं तात्पुरतीच ठरली. मग आपलं काय?

निवृत्तीला एक वर्ष उरलं, तेव्हा पेन्शनचे कागद भरताना एका रकान्यापाशी ह्यांचं पेन थांबलं. ‘कायमचा पत्ता’. सासरची मंडळी मुंबईत चाळीत भाड्याने राहिलेली. ती चाळही आता नाही. मुलगी बंगळुरूला, तिच्या दोन खोल्यांत. ‘‘काय लिहू?’’ ह्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

स्वस्तात मस्त?

आमचं स्वप्न साधं होतं. वर्षातले सात-आठ महिने फिरायचं, आजवर खिडकीतून पाहिलेली गावं उतरून बघायची. आणि दमलो की परतायला एक छोटी जागा हवी. सामान ठेवायला, औषधपाणी करायला, पावसाळा काढायला. शहरात फ्लॅट घेतला तर सगळी पुंजी त्यातच संपणार. म्हणून खेड्यात स्वस्त जमीन घ्यायचं ठरलं.

निजामुद्दीनहून मंगला एक्स्प्रेस पकडून आम्ही रत्नागिरीला उतरलो. लांजा तालुक्यातल्या एका गावात एजंटने जागा दाखवली. जुलै महिना. हिरवागार उतार, खाली खळाळता वहाळ. ‘‘ताई, फक्त चार गुंठे घ्या. घर बांधून वर परसबाग होईल,’’ तो म्हणाला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. चार गुंठे म्हणजे आम्हा क्वार्टरवाल्यांना साम्राज्यच! ह्यांनी विसाराचा चेक लिहायला घेतला.

मी एवढंच म्हटलं, ‘‘आधी सातबारा बघू.’’ शेतकऱ्याची मुलगी आहे, तेवढं कळतं. मोबाइलवर महाभूलेख उघडलं आणि एकेक गोष्ट बाहेर आली. जमीन शेतीची होती. सातबाऱ्यावर सात सामाईक नावं होती, त्यातली तीन माणसं मुंबईत. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून जात होता. शिवाय आपल्याकडे 1947 पासून तुकडेबंदी कायदा आहे. ठरवून दिलेल्या क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा असा सुटा विकता येत नाही. चेकबुक पर्समध्ये परत गेलं.

सगळ्यात मोठी अडचण तर वेगळीच होती. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कुळकायद्याचं कलम 63 तसं सांगतं. ‘‘तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर कुठे सातबारा आहे का?’’ तिथल्या वकिलांनी विचारलं.

हे माझ्याकडे बघू लागले. मी खाली मान घातली.

ती एक सही

माझं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. दुष्काळी भाग, सगळी जिरायत जमीन. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, देशभर तो 2005 मध्ये आला. वडील गेले तेव्हा वारस म्हणून सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं होतं. पण वर्षभरातच मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. भावाची पोरं लहान, विहिरीला पाणी नाही आणि मी सरकारी क्वार्टरमध्ये सुखात. ‘माहेरची जमीन मागणारी’ म्हणवून घ्यायचीही लाज वाटली. तहसीलच्या गावी सही करून आम्ही उसाचा रस प्यायलो होतो, एवढंच आठवतं.

त्या सहीने काय काय गेलं, ते आता लांज्यात समजलं. जमिनीबरोबर माझं कागदावरचं शेतकरी असणंही गेलं होतं. परतीच्या गाडीत मी रात्रभर जागी होते. राग भावावर नव्हता. मी न विचारता, न वाचता सही केली याचा होता.

वाड्याची माणसं

मग दिल्लीला न जाता आम्ही साताऱ्याला उतरून माणला गेलो. नुकता पाऊस झाला होता. माळावर मेंढ्याच मेंढ्या. लहानपणापासून पाहिलेली धनगर मंडळी परत आली होती.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यातले मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेलं लेकरू, मागे कुत्री आणि मेंढ्या. या फिरत्या तळालाच ते ‘वाडा’ म्हणतात. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. तिथले शेतकरी आपल्या शेतात रात्री मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. मेंढीला कोकणातला मुसळधार पाऊस सोसत नाही, म्हणून पावसाच्या आधी सगळे माघारी गावाकडे.

एका म्हाताऱ्या मावशींना मी विचारलं, ‘‘घर बंद ठेवून एवढं फिरता, मग घर कशाला?’’ त्या हसल्या. ‘‘अगं, माघारी कुठं यायचं ते ठावं असलं, तरच माणूस लांब जातंय.’’

आम्ही वर्षभर जे शोधत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांच्याकडे फार जमीन नाही. पण गावात घर आहे, रेशनकार्ड आहे, म्हसवडच्या यात्रेला भेटणारी भावकी आहे. अनेक भटक्या जमातींना तेवढंही मिळालं नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला 1981 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या अकादमीचं कार्यालय कोपर्निकस मार्गापासून दोन मिनिटांवर रवींद्र भवनात आहे. तिथल्या दुकानात मी ते पुस्तक घेतलं होतं. गाढवावर संसार घेऊन हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कहाणी वाचल्यावर कळतं, आपलं फिरणं हौशीचं आहे. त्यांना थांबायला जागाच नव्हती.

आक्का, पैसं कसलं?

जेवताना मी भावाला सगळं सांगितलं. लांज्याचं, सातबाऱ्याचं, त्या सहीचंही. तो बराच वेळ गप्प होता. वहिनीच बोलली, ‘‘आक्का, गावठाणातलं जुनं घर रिकामंच हाय की.’’

दोन खणांचं दगडी घर, पुढे ओटा, मागे न्हाणी. आई तिथे गेली. भाऊ मळ्यातल्या नव्या घरात राहायला गेल्यापासून त्याला कुलूप होतं.

‘‘ऱ्हावा की तिथं. तुझंच हाय,’’ भाऊ म्हणाला.

‘‘माझं नाही. मी सही केलीय. मला ते विकत दे.’’

‘‘आक्का, तुझ्याकडनं पैसं घिऊ व्हय? लोक काय म्हणतील?’’

त्याचे डोळे भरले, माझेही. पण या वेळी मी ऐकलं नाही. पुढे त्याच्या मुलांच्या मनात काही यायला नको आणि माझ्या मुलीच्याही. गावच्या दराने किंमत ठरली. भाऊ, वहिनी, दोन्ही भाचे सगळ्यांना समोर बसवून कागद वाचला आणि मगच खरेदीखताची नोंदणी झाली. घर गावठाणातलं, म्हणून शेतकरी दाखल्याची गरज पडली नाही.

तुम्हीही शोधत असाल तर

* जागा दोनदा बघा, एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये. जुलैत सगळीकडे पाणी असतं, खरी विहीर मे महिन्यात कळते.
* सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि जुने फेरफार वाचा. कूळ, बोजा, वारस तिथेच सापडतात.
* शेतकरी नसाल तर बिगरशेती प्लॉट किंवा गावठाणातलं घर बघा. घराचा ग्रामपंचायतीतला नमुना 8 चा उतारा घ्या. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत; मिळकत पत्रिका झाली असेल तर तीही मागा.
* घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.
* स्टँप पेपरवरची नुसती नोटरी म्हणजे खरेदी नव्हे. नोंदणी हवीच.
* आणि बहिणींनो, हक्कसोडपत्रावर सही करायची असेल तर खुशाल करा, पण वाचून आणि समजून.

ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही कोपर्निकस मार्गावरून शेवटची फेरी मारली. आता दिवाळीनंतर आम्ही निघतो, धनगरांसारखेच, आणि जूनच्या तोंडावर परततो. गेल्या वर्षी छत गळलं. भावाने आम्ही यायच्या आधीच कौलं फिरवून ठेवली होती. त्याचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत आणि मीही वाद घातला नाही.

पेन्शनच्या कागदावरचा तो रकाना ह्यांनी भरायला माझ्याकडे दिला. मी लिहिलं: मुक्काम पोस्ट, तालुका माण, जिल्हा सातारा. गावाचं नाव लिहिताना अक्षर जरा मोठंच आलं.