दोन रात्री बोटीवर

उसाचे शेवटचे बिल जमा झाले की विहिरीवरची मोटर बदलायची, असे आमच्या घरात ठरलेले होते. मोटर तशीच राहिली आणि आम्ही दोघे बोटीने गोव्याला जाऊन आलो. तुम्ही म्हणाल, या वयात शेतकऱ्याला ही थेरं कशाला? मीही तेच म्हणालो होतो. पण आमच्या लग्नाला २०२४ साली पंचेचाळीस वर्षे झाली, त्यानिमित्त पुण्याच्या मुलाने निम्मे पैसे घातले आणि उरलेले आमच्याकडून काढले. एक एकराला ठिबक बसवायला जेवढा खर्च येतो, जवळपास तेवढे पैसे दोघांचे लागले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुमच्या डोक्यात तोच हिशेब घोळत राहायला नको.

मी कराडकडचा. समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला, देवळाच्या पायरीवरून. आमच्या सौभाग्यवतीची गोष्ट मात्र वेगळी. तिचे माहेर विजयदुर्गाजवळ, वाघोटण खाडीच्या काठाला. वडील मुंबईला गिरणीत होते, आई गावाकडे भात-नाचणी करायची. लहानपणी मे महिन्यात आई या लेकरांना घेऊन मुंबईला जायची ती बोटीनेच. तेव्हा मुंबई आणि पणजीच्या दरम्यान आगबोटी चालत. वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत. पावसाळ्यात सेवा बंद. कोकण रेल्वे अख्खी सुरू झाली ती १९९८ साली. त्याआधी किनाऱ्याकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर बोट, नाहीतर घाटाघाटांतून आतडी पिळवटून काढणारी एस.टी.

ती बोट बंदराला लागायची नाही. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. लाटेने पडाव वर आला की त्याच क्षणी खलाशी पोराचे बखोट धरून त्याला बोटीत ओढून घ्यायचा. आंब्याच्या पेट्या, फणस, कोंबड्या, सगळे त्याच वाटेने. डेकवर ज्याने आधी चटई पसरली त्याची ती जागा. हे सारे मी सौ.च्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की मीच त्या पडावात बसलो होतो असे मला कधीकधी वाटते.

म्हणून मुलाने 'बोट' हा शब्द उच्चारला तेव्हा तिने काय मनात धरले असेल, ते तुमच्या ध्यानात येईल. तिने विचारले फक्त एवढेच, "विजयदुर्गावरनं जाईल का रे?" मुलगा म्हणाला, "जाईल की! रस्ताच तो आहे." तो काही खोटे बोलला नव्हता.

आता इथे घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. वडील गेल्यावर हापूसच्या कलमांच्या सातबाऱ्यावरून बहीण-भावांत बोलाचाली झाली. हिने हक्कसोड करून दिले, पण मन दुखावले ते दुखावलेच. पुढे २०११ साली आई गेली. निरोप उशिरा आला. आम्ही पोहोचलो तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. त्या दिवसापासून ही माहेरी गेली नाही, आणि भावानेही 'ये' म्हटले नाही. तेरा वर्षे झाली. ज्यांच्या घरात अशी गाठ बसलेली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

फेब्रुवारीत निघालो. म्हशींची धार शेजारच्या पुतण्यावर सोपवली. मुंबईला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर पोहोचलो आणि बोट पाहून मी टोपीच सावरली. अकरा मजली इमारत पाण्यावर उभी! आमच्या कारखान्याची चिमणी सोडली तर एवढे उंच काही आमच्या भागात नाही. आत जाण्याआधी विमानतळासारखी तपासणी. आधार कार्ड पाहिले, फोटो काढला, हातात एक कार्ड दिले. खोलीची किल्लीही तीच आणि पाकीटही तेच, कारण बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. सामान यंत्रातून गेले आणि आमची पिशवी बाजूला काढली गेली. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, लोणच्याची बरणी आणि एक शेंडीचा नारळ.

बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, असे तिथल्या मुलीने गोडीने सांगितले. दशम्यांचे मला वाईट वाटले, पण सौ.चा जीव नारळात होता. "समुद्राला द्यायचा आहे," ती म्हणाली. तिची आई पडावात बसण्याआधी दर खेपेला नारळ द्यायची. ती मुलगी म्हणाली, "आजी, बोटीवरून पाण्यात काहीच टाकता येत नाही. नियम आहे." नियम खरा आहे, आणि चांगलाही आहे. जहाजांनी समुद्रात कचरा टाकू नये म्हणून सगळ्या देशांनी मिळून केलेला करार आहे. प्लॅस्टिक तर अजिबात टाकायचे नाही. पण नारळाला कचऱ्यात धरलेले पाहून सौ.चे तोंड उतरले. पिशवीला चिठ्ठी लावली आणि परत उतरताना मिळेल म्हणून पावती दिली.

खोली छान, पण बिनखिडकीची. खिडकीवाल्या खोलीला जास्त पैसे पडतात, आणि स्वस्तातली घेण्याचे शहाणपण माझेच. दिवा मालवला की पेवात उतरल्यासारखा काळोख. तुम्ही कधी गेलात तर चार पैसे वाचवायला माझ्यासारखे करू नका. किंवा कराच, पण मग खोलीत फक्त झोपायला जा. आणखी एक, तिकीट काढताना बंदराचे शुल्क, कर, नोकरवर्गाची बक्षिसी हे सगळे धरून आकडा विचारा. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांत बैल आणि वासराएवढा फरक असतो.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे आणि भोंगा वाजला तर कुठे जमायचे ते शिकवतात. काही तरुण मंडळी हसत होती. मी कान देऊन ऐकले. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. कोकणातल्या घरांत ते नाव आजही हळू आवाजात घेतात. सौ.ने जाकिटाचा पट्टा दोनदा बांधून सोडून पाहिला.

संध्याकाळी बोट निघाली. कुलाब्याच्या टोकापुढचे दीपगृह मागे पडले, डावीकडे लांबवर अलिबागचा किनारा आणि खांदेरी-उंदेरीचे ठिपके. खांदेरीचा किल्ला महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर बांधायला घेतला. नकाशात पाहून हे कळत नाही, पण बोटीवरून पाहिले की त्या जागेची अडवणूक लगेच ध्यानात येते. मुंबईच्या तोंडावर बसवलेला तो पहारेकरीच.

मुंबईपासून मुरगाव बंदर सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. बोट ताशी चौदा-पंधरा मैल जाते, म्हणजे २६-२८ किलोमीटर. उसाची रिकामी ट्रॉली याच वेगाने घरी येते! एवढा लोखंडाचा डोंगर त्या चालीने रात्रभर जात राहतो आणि पेल्यातले पाणी हलत नाही. निदान माझ्या पेल्यातले हलले नाही. शेजारच्या खोलीतल्या बाईंना मात्र मळमळले. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो भिंत जागेवर आहे, या भांडणात पोट सापडते. उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे आणि आल्याचा तुकडा चघळावा. बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. या बाबतीत आमच्या स्वस्त खोलीने आम्हाला हात दिला.

जेवणाचे काय सांगावे! शाकाहारी, मांसाहारी, जैन, सगळे वेगळे मांडलेले. भाकरी तेवढी नाही. पण माणसे ताट भरून घेत होती आणि अर्धे टाकून उठत होती. ते पाहताना मला जेवण गोड लागले नाही. ज्याने टोमॅटो रस्त्यावर ओतला आहे त्याला टाकलेल्या कोशिंबिरीचा राग येतो की हसू, हे तुम्हीच ठरवा. पिण्याचे पाणी मात्र बोट स्वतः तयार करते, समुद्राच्याच पाण्यातून मीठ काढून. आपल्या गावात आर.ओ.चे यंत्र असते तेच काम, फक्त फार मोठे. वरच्या मजल्यावर पोहण्याचा हौद, रात्री गाणी-नाच. गाण्याचा आवाज एवढा की समुद्र ऐकूच येईना. आम्ही दोन तास लाटांचा आवाज शोधत फिरलो आणि शेवटी मागच्या बाजूला, सुकाणूच्या वरच्या अंगाला तो सापडला.

पहिल्या रात्री सौ. त्याच कठड्याशी उभी राहिली. काळोख, आणि काळोखच. बोट किनाऱ्यापासून इतकी दूर चाललेली, की विजयदुर्ग आला कधी आणि गेला कधी ते कळले नाही. एक वाजता मी म्हणालो, "चल आता." ती म्हणाली, "यापेक्षा डेकची चटई बरी होती. निदान गाव दिसायचं."

सकाळी मुरगाव. बोटीच्या सहलीचे पैसे वेगळे, म्हणून आम्ही भाड्याची गाडी करून मंगेशीला गेलो. दर्शन झाले. पण खरे सांगू का, मला देवळाइतकीच वाटेवरची शेती आवडली. झुआरीचा पूल ओलांडला की खाजन जमिनी दिसतात. खाडीच्या खाऱ्या पाण्याला मातीचे बांध घालून आत भात पिकवायचे, ही शेकडो वर्षांची रीत. बांधात लाकडी दारे बसवलेली असतात. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबानेच दार मिटते, ओहोटीला आतले जादा पाणी दार ढकलून बाहेर जाते. ना मोटर, ना वीज, ना आठवड्याचे भारनियमन! खारेपणा सोसणारा कोरगुट नावाचा भात तिथे घेतात. बांध फुटला तर सगळ्यांचेच शेत खारावते, म्हणून बांध राखण्याचे काम पूर्वी गावाने मिळून करायचे. गाडीवाल्याला मी तीनदा थांबायला लावले. तो म्हणाला, "पात्रांव, लोक बीचवर थांबतात." मी म्हणालो, "बीचवर काय पिकतं?"

संध्याकाळी सहाच्या सुमारास बोट परत निघाली. दहाच्या पुढे सौ. पुन्हा मागच्या कठड्यावर. मी तिला शाल नेऊन दिली. तिथे बोटीवरचा एक तरुण कामगार दोरखंड आवरत होता. त्याच्या बोलण्यात काहीतरी ओळखीचे लागले असावे, कारण सौ.ने एकदम विचारले, "खंयचो रे तू?"

"मालवणचो, मावशी."

पंचेचाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून ही बोली फार तर माहेरच्या ओटीवर ऐकली होती. त्या दोघांचे दहा मिनिटे असे काही सुरू झाले, की मी परका झालो. मग त्या पोराने उजवीकडे बोट दाखवले. "तो बघा, देवगडचो दिवो."

आधी मला दिसेना. मग काळोखाच्या तळाशी एक ठिणगी चमकली, विझली, पुन्हा चमकली. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठरवलेली असते, त्यावरून खलाशी गाव ओळखतात, असे त्याने सांगितले. देवगडचा दिवा मागे पडायला लागला, की पुढे तासाभराच्या आत विजयदुर्ग. तो गेला, आम्ही थांबलो. वर गाणी चालू होती. अंदाजाने वेळ झाली तेव्हा किनाऱ्याच्या बाजूला नुसता काळोख होता, त्यात चार-सहा दिवे विखुरलेले. ते विजयदुर्गाचे होते की मासेमारीच्या होड्यांचे, देव जाणे. सौ.ने हात जोडले. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादाला दम्याचा त्रास आहे. या थंडीत त्याला झोप येत नसंल."

मी काही विचारले नाही.

सकाळी मुंबईला उतरलो. पावती दाखवून पिशवी घेतली. दशम्या वाळून कडकडीत झाल्या होत्या, त्या आम्ही धक्क्याबाहेर बसून चटणीशी खाल्ल्या. दोन दिवसांतले मला सर्वांत रुचलेले जेवण ते. नंतर ती म्हणाली, "अहो, म्हशींचं अजून दोन दिवस निभंल का?" मी पुतण्याला फोन लावला.

रात्रीच्या गाडीने, साध्या डब्यात दाटीवाटीने, वैभववाडीला उतरलो. तिथून तरळे आणि पुढे एस.टी. घर गाठायला दुपार झाली. भावजय अंगणात काम करत होती. तिने मान वर केली आणि आधी आत बघून ओरडली, "अहो, बाहेर या!" मेहुणे काठी टेकत आले. कोणी काही जुने काढले नाही. चहा झाला. संध्याकाळी बहीण-भाऊ दोघे जेटीवर गेले, मी मागून. नारळ हिने त्याच्या हातात दिला, त्याने कपाळाला लावून तिच्याच हातात परत दिला, आणि तिने तो खाडीत सोडला.

रात्री जेवताना भावजयीने विचारले, "बोटीत काय काय होता गो?"

"सगळा होता," सौ. म्हणाली, "पडाव तेवढो नाय होतो."