कोणती परीक्षा द्यावी?

दहावीचा निकाल लागून शास्त्रशाखेंत प्रवेश मिळाला म्हणजे चिंता मिटली, असें आपणांस वाटतें. परंतु अभियांत्रिकीकडे जाऊं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढें खरा प्रश्न त्यानंतरच उभा राहतो. जे.ई.ई. द्यावी, कीं सी.ई.टी. द्यावी, कीं दोन्ही द्याव्या? ह्या प्रश्नानें आमच्या घरीं वर्षभर मुक्काम ठोकला होता. तो आम्हीं कसा सोडविला, हें लहान भावंडांच्या व त्यांच्या वडील मंडळींच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें लिहीत आहों.

एके काळीं ही निवड नव्हती. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. न्यायमूर्ति रानडे त्याच परीक्षेंत उत्तीर्ण झाले. उच्च शिक्षणाचें दार तें एकच. वैद्यकीसाठीं ‘नीट’ हें तसेंच एक दार झालें आहे. अभियांत्रिकीस मात्र दोन दारें आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या निराळ्या आहेत.

जे.ई.ई. मेन ही साऱ्या देशाची परीक्षा. ती जानेवारींत व एप्रिलांत अशी दोनदां होते. २०२५ सालच्या पद्धतीप्रमाणें तींत तीन तासांत ७५ प्रश्न व ३०० गुण असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकल्यास एक गुण वजा होतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्थांत हिच्या गुणानुक्रमानें प्रवेश मिळतो, व आय.आय.टी.च्या पुढील परीक्षेस बसण्याचा अधिकारही हिच्यांतूनच येतो. सी.ई.टी. ही आपल्या राज्याची परीक्षा. गणिताच्या गटास तितक्याच वेळांत १५० प्रश्न व २०० गुण असतात, आणि चुकीबद्दल वजाबाकी नाहीं. तिचा सुमारें ८० टक्के भाग बारावीच्या व २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो. पुण्याचें १८५४ सालापासूनचें सी.ओ.ई.पी. किंवा मुंबईची व्ही.जे.टी.आय. येथील प्रवेश मुख्यतः हिच्यावर अवलंबून असतात. एकींत प्रश्न थोडे व विचार खोल. दुसरींत प्रश्न पुष्कळ व हात चपळ हवा.

आमचें घर नाणे मावळांत, भाताच्या शेतांत. कामशेतास येऊन लोकलनें लोणावळ्यास शिकावयास यावें, हा आमचा क्रम. जे.ई.ई.ची शिकवणी घ्यावयाची तर संध्याकाळीं उलट दिशेनें पुण्यास जावें लागणार. म्हणजे जाण्यायेण्यांत तीन तास, आणि घरीं पोंचावयास रात्र. फीचा आंकडा ऐकून आमच्या मातुश्री कांहींच बोलल्या नाहींत. वडील मात्र म्हणाले, “बाळा, पैशाचं मी बघतो. पण एका नांगराला दोन बैल लागतात. एका बैलाला दोन नांगर ओढवत नाहीत. तुला कोणता ओढवेल ते तू सांग.”

तें सांगतां यावें म्हणून आम्हीं एक उपाय केला. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून एका रविवारीं जे.ई.ई.ची व दुसऱ्या रविवारीं सी.ई.टी.ची, घड्याळ समोर ठेवून सोडविली. पहिलींत कठीण प्रश्नांपाशीं आमचा बराचसा वेळ खर्च झाला व कित्येक प्रश्न वाचावयाचेच राहिले. दुसरींत उणीव होती ती वेगाची, आणि वेग सरावानें वाढतो. शिवाय सी.ई.टी. व बारावीची परीक्षा ह्यांचीं पुस्तकें एकच. एक तास वाचला तर तो दोहोंकडे जमा होतो. आम्हीं सी.ई.टी. निवडली.

आमची एक वर्गभगिनी मात्र जे.ई.ई.चीच तयारी करीत आहे. एका गणितापाशीं ती तासभर बसते व उठतांना प्रसन्न दिसते. तिची निवड तिच्यासाठीं तितकीच योग्य आहे. आमच्यापुरतें सांगावयाचें तर, पवईच्या आय.आय.टी.चें दार आम्हीं आपल्या हातानें लावून घेतलें, त्याची खंत अगदींच नाहीं असें नाहीं. परंतु निवडणें म्हणजे कांहीं सोडणेंच होय.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २०१४ व २०१५ सालीं आपल्या राज्यानेंही अभियांत्रिकीसाठीं जे.ई.ई.चे गुण धरले होते. २०१६ पासून पुन्हां सी.ई.टी. आली. नियम असे पालटतात. गतीचे नियम व त्रिकोणमिति पालटत नाहींत. ज्याचा विषय पक्का, त्याचें कोणत्याही पालटानें फारसें बिघडत नाहीं.

म्हणून लहान भावंडांस आमची विनंती अशी कीं, शेजारचा कोणती परीक्षा देतो हें पाहूं नका. आपणांस कोठें शिकावयाचें आहे, दिवसाचे किती तास आपल्या हातीं आहेत, व कोणती प्रश्नपत्रिका सोडवितांना मन रमतें, हें आधीं पाहा. आणि पालकांस विनंती अशी कीं, तीं उत्तरें मुलांस स्वतः शोधूं द्यावींत. हा अंक आपल्या हातीं येईल तेव्हां आमची सी.ई.टी. व्हावयाचीच असेल. निकाल काय लागेल तो लागो. कां बसलों हें आम्हांस ठाऊक आहे, आणि अभ्यासास बसतांना तेवढें बळ पुरतें.