बिलगांवचा दिवा

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून आम्ही अक्राणी महालांत शिरलों, तेव्हां सातपुड्यांत मोह फुलला होता. धडगांवापलीकडे उदई नदी जेथें नर्मदेकडे कोसळते, तें बिलगांव पाहण्याची आमची बहुत दिवसांची इच्छा.

सरदार सरोवरामुळें नंदुरबार जिल्ह्यांतील ३३ गांवें बुडितांत आलीं, व त्याबरोबर मनेंहि दुभंगलीं. कोणी जमीन पतकरून तळोद्याच्या सपाटीवर उतरले. कोणी हटणार नाहीं म्हणून डोंगरांतच राहिले. एका कुळाच्या भावांनीं परस्परांस फितूर म्हणावें, इतकी पाळी आली.

अशा काळांत, २००३ सालीं, केरळांतील तरुण तंत्रज्ञ, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते व ग्रामस्थ यांनीं बिलगांवीं श्रमदानानें बांध घातला, पाट काढला आणि पडत्या पाण्यावर १५ किलोवॉटचें वीजयंत्र फिरविलें. परोपकार म्हणजे शिवणयंत्रें वाटणें, अशी आपल्या घरांतून समजूत असते; (आमचीहि होतीच!) येथें पावरा-भिल्लांनीं यंत्र सांभाळण्याची विद्याच हस्तगत केली. पाड्यांवर दिवे लागले.

२००६ च्या पावसाळ्यांत धरणाचा फुगवटा मागें चढला व तें यंत्र बुडालें. विजेसाठींहि बांधलेल्या धरणानें तो दिवा विझवावा, याचें समर्थन आम्हांस कोणत्याहि शास्त्रांत सांपडलें नाहीं.

आतां कांठच्या कांहीं गांवांनीं जलाशयावर मच्छीमारांच्या सहकारी संस्था काढल्या आहेत. कालचे शेतकरी जाळें टाकावयास शिकले. परततांना आमच्या नावाड्यानें वल्हें थांबवून पाण्याकडे बोट केलें.

“गुरुजी, इथं खाली आमचं खळं होतं.”